दोनशे लिटरचं पिंप

जांब समर्थ म्हटलं की बाहेरच्या माणसाला रामदास स्वामींचं जन्मगाव आठवतं आणि रामनवमीची जत्रा आठवते. आम्हा गावकऱ्यांना मात्र उन्हाळा म्हटला की आठवतात त्या भेगा. आमच्याकडची काळी जमीन चैत्र-वैशाखात अशी फाटते की लहान पोराचा पाय घोट्यापर्यंत आत जावा. भेगेत पडलेलं चार आण्याचं नाणं परत मिळत नाही, हे आम्ही फार लहानपणी शिकलो. काठी घालून ढोसलं तर ते आणखी खाली जातं, हेही शिकलो होतो. पुढे कृषी पदवी घेतली, बँकेत फील्ड ऑफिसर झालो आणि हे नेमकं विसरलो.

गोष्ट १९८७ च्या मे महिन्यातली आहे. लागोपाठच्या दुष्काळानं तालुका टेकीला आला होता. आमच्या शाखेनं विहीर खोदाईला आणि ऑईल इंजिनाला दिलेली कर्जं तपासत मी मोटारसायकलवर शिवारं पालथी घालत असे. त्या दिवशी जांबच्याच शिवारात नानांच्या मळ्यात होतो. त्यांचं खरं नाव सांगत नाही, सगळा गाव त्यांना नानाच म्हणायचा. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते, म्हणून नाना माझ्याशी बोलताना मधूनच ‘बाळ’ म्हणत आणि लगेच जीभ चावून ‘साहेब’ म्हणत.

नानांनी शेजारच्या दोघांबरोबर वर्गणी करून डिझेलचं दोनशे लिटरचं पिंप आणवलं होतं. ट्रॅक्टरची ट्रॉली मळ्यात वळली, मागचा फाळका निसटला आणि पिंप खाली आलं ते नेमकं दगडावर. शिवण उसवली. विहीर तिथून पंधरा-वीस पावलांवर, उताराच्या बाजूला. आम्ही चौघांनी मिळून पिंप उभं करेपर्यंत निम्मं डिझेल जमिनीवर गेलं होतं.

सगळ्यात आधी हलली ती नानांची आई. म्हातारी छपरात गेली आणि फरदडीचा, भाव न आलेला कापूस ओच्यात भरून घेऊन आली. तो त्या डबक्यावर दाबायचा, भिजला की घमेल्यात पिळायचा आणि पुन्हा दाबायचा, असा तिचा उद्योग सुरू झाला. पर्यावरण वगैरे शब्द तिच्या गावी नव्हते. पैशाचं डिझेल मातीत चाललेलं तिला दिसत होतं, एवढंच.

मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि खिशाला बँकेचं पेन होतं. मी म्हणालो, “आजी, बाजूला व्हा, पेट घेईल ते. नाना, इंजिन चालू करा, पाणी सोडा, सगळी जागा धुऊन काढा.”

इंजिन चालू झालं. अर्धा तास पाणी सोडलं. डबकं गेलं, जमिनीवरची चमक गेली, वासही पुष्कळ कमी झाला. म्हातारीचा कापूस पाण्याबरोबर बांधाला जाऊन लागला. “साहेबानं डोकं लावलं,” असं ट्रॅक्टरवाला म्हणाल्याचं मला आजही आठवतं, कारण तेव्हा ते मला आवडलं होतं. (आणि हो, सांडलेल्या इंधनाशेजारी इंजिन चालू करायला सांगणारा मी! डिझेल होतं म्हणून निभावलं. पेट्रोल असतं तर हा लेख लिहायला मी राहिलो नसतो.)

जुलैत नानांचा मुलगा शाखेत आला. विहिरीच्या पाण्याला वास येत होता. मी जाऊन पाहिलं. उन्हात पाण्यावर मोरपंखी रंगांचा पातळ पापुद्रा हलत होता. दिसायला सुंदर होता तो, हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

झालं होतं ते असं. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरतं, म्हणजे पाण्याहून हलकं. ते जमिनीवर पडलं की मातीच्या कणांना चिकटतं आणि उथळ थरात काही काळ थांबतं. तेवढ्यात माती उकरून काढली तर बरंचसं हाती लागतं. मी मात्र वरून पाणी सोडून त्याला भेगांमध्ये ढकललं. भेगेखाली मुरूम, मुरमाखाली आमच्या मराठवाड्याचा काळा पाषाण, आणि त्या पाषाणात पुन्हा फटी. त्याच फटींतून विहिरीला झरे येतात. पहिल्या पावसानं उरलेलं काम केलं. भेगेतलं नाणं मी काठीनं ढोसून खाली घालवलं होतं.

पुढे जे झालं त्यात मी नव्हतो, पण थांबवलंही नाही. तालुक्याच्या गावातल्या एका जाणकारानं सांगितलं की कपड्याचा तेलकट डाग साबणानं जातो, तसं विहिरीतही पावडर टाका. चार किलो पावडर पडली. फेस आला, तो विरला आणि पाण्यावरचा रंगीत पापुद्रा खरोखर नाहीसा झाला. घरात आनंद झाला. दोन दिवसांनी लक्षात आलं की आता वास वरच्या पाण्याला नाही, तळापासून सगळ्याच पाण्याला आहे. साबण तेल नाहीसं करत नाही. त्याचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळवतो. वर तरंगत होतं तोवर ते कडब्याच्या पेंढीनं, जुन्या गोधडीनं निपटून काढता आलं असतं. आता पाणी आणि तेल वेगळं करणं कुणाच्या हातात राहिलं नाही.

विहीर तीनदा उपसली. दर वेळी झऱ्यांतून थोडं थोडं डिझेल पुन्हा आलं. पिकाला ते पाणी चाललं, जनावरं नाक मुरडून का होईना प्यायली. माणसांसाठी मात्र नानांची सून अर्ध्या मैलावरच्या विहिरीवरून हंडे आणू लागली. हे दोन वर्षं चाललं. मधल्या काळात हप्ते थकले आणि थकबाकीची नोटीस माझ्याच सहीनं गेली. नोटिशीच्या छापील नमुन्यात कारणाचा रकाना नसतो. ते खातं शेवटी १९९० च्या कर्जमाफीत, ती दहा हजारांपर्यंतची होती, मिटलं. बँकेच्या बाजूनं प्रकरण संपलं.

माझ्या बाजूनं ते संपलं नाही. नोकरीत असताना आणि नंतरही, जगात कुठं तेल सांडल्याची बातमी आली की मी ती अधाशासारखी वाचत आलो. आधी स्वतःला निर्दोष ठरवता येईल का हे शोधण्यासाठी, नंतर नुसत्या सवयीनं. त्या वाचनातून एक विचित्र समाधान मिळालं ते असं की माझी चूक मोठमोठ्या सरकारांनीही केलेली होती.

१८ मार्च १९६७ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅनियन’ नावाचं तेलवाहू जहाज खडकावर चढलं. त्यात सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल होतं. इतकं मोठं तेल समुद्रात सांडण्याची जगाची ती जवळजवळ पहिलीच वेळ. ब्रिटिश सरकारनं विमानं पाठवून जहाजावर बॉम्ब टाकले, म्हणजे उरलेलं तेल जळून जाईल. आणि किनाऱ्यावर हजारो टन डिटर्जंट ओतलं. नानांच्या विहिरीतल्या चार किलोंचाच तो थोरला भाऊ. शास्त्रज्ञांनी पुढे वर्षानुवर्षं ते खडक तपासले. जिथं तेलाला हात लावला नव्हता तिथले शिंपले, शेवाळ दोन-तीन वर्षांत बरेचसे सावरले. जिथं धुलाई झाली होती तिथं दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

यातून जग शहाणं झालं म्हणावं, तर २४ मार्च १९८९ ला अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ फुटलं. सुमारे ३७ हजार टन तेल. या वेळी साबणाऐवजी उकळतं म्हणावं इतकं गरम पाणी जोरदार फवाऱ्यानं दगडगोट्यांवर मारलं गेलं. टीव्हीवर ते फार कामाचं दिसायचं. त्या पाण्यानं तेलाबरोबर किनाऱ्यावरचे, तेलातून वाचलेले जीवही शिजून निघाले आणि बरंच तेल वाळूत आणखी खोल गेलं. त्या सफाईला २ अब्ज डॉलरहून अधिक खर्च आला. एवढे पैसे ओतूनही समुद्रात सांडलेल्यापैकी प्रत्यक्ष किती तेल परत गोळा होतं? अशा मोठ्या अपघातांत दहा-पंधरा टक्के मिळालं तरी पुष्कळ, असं या क्षेत्रातली माणसं सांगतात. बँकेत अशी वसुली दाखवली असती तर बदली गडचिरोलीला झाली असती.

वसुली इतकी कमी का, याचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वी बेंजामिन फ्रँकलिननं देऊन ठेवलं आहे. वीज आणि पतंगवाला तोच. लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या तळ्यात त्यानं एकदा चमचाभर तेल टाकलं. ते पसरत पसरत अर्धा एकर पाणी आरशासारखं करून गेलं. चमच्याला अर्धा एकर! म्हणजे तेल सांडल्यानंतरची लढाई तेलाशी नसतेच, त्याच्या पसरण्याशी असते. पहिल्या तासाभरात जे अडवलं ते अडवलं.

बदलीच्या चक्रात मी पुढे मुंबईला गेलो आणि नवी मुंबईत राहिलो. म्हणून ७ ऑगस्ट २०१० चा अपघात मला वर्तमानपत्रातून नाही तर नाकातून कळला, असं म्हणायला हरकत नाही. त्या शनिवारी सकाळी न्हावा शेवा बंदरातून बाहेर पडणारं ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारं ‘खलिजिया-३’ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. भर दिवसा. चित्रावर १,२०० च्या वर कंटेनर होते आणि तिच्या स्वतःच्या इंजिनांसाठी अडीच हजार टनांहून जास्त इंधन तेल होतं. जहाज इतकं कललं की कंटेनर एकेक करत समुद्रात घरंगळू लागले. गळती थांबवायला दोन दिवस लागले. तोवर सुमारे ८०० टन तेल गेलं होतं.

तटरक्षक दलाची जहाजं आणि हेलिकॉप्टरं कामाला लागली. पण ऑगस्ट महिना, खवळलेला समुद्र. तेल अडवायला पाण्यावर जे लांबलचक तरंगते अडसर टाकतात, त्यांच्यावरून लाटा तेल घेऊन सरळ उडी मारतात. मग वरून तेल विखुरणाऱ्या रसायनाची फवारणी झाली. हे रसायन म्हणजे आमच्या साबणाच्याच कुळातलं, बरंच सुधारलेलं. खोल, मोकळ्या समुद्रात त्याला अर्थ असतो. थेंब दूरवर विरतात, किनारा आणि पक्षी वाचतात. विहिरीत, तळ्यात, उथळ खाडीत त्याला अर्थ नसतो. हा फरक मला १९८७ मध्ये कुणी सांगितला असता तर, असं त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

शिल्लक तेल उरण, घारापुरी, अलिबागच्या बाजूला आणि खाड्यांमध्ये शिरलं. उरणला माझे एक सहकारी राहत, त्यांच्याबरोबर मी एका रविवारी खाडीकाठी गेलो. तिवरांची झुडपं भरतीच्या रेषेपर्यंत काळी झाली होती, जणू कुणी पट्टी लावून रंगवली आहेत. तिवरांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात, बोटांसारखी. त्या बोटांवर तेलाचा लेप. काही माणसं हातमोजे घालून चिखलावरचं तेल पोत्यात भरत होती. मला वाटलं आपणही उतरावं. सहकारी म्हणाले, “उतरू नका. पायानं ते आत जातं.” चिखलात जितकी माणसं जास्त तितकं तेल खोल, आणि खोल गेलं की तिथं हवा नाही, म्हणून ते कुजतही नाही. काही वेळा काठावर उभं राहणं हेच काम असतं. आपल्याला ते जमत नाही, कारण ते काम दिसत नाही.

नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर आली होती. कोळ्यांनी होड्या डागडुजी करून तयार ठेवल्या होत्या आणि मुंबईनं मासळी खाणं थांबवलं होतं. बंदरं काही दिवस बंद राहिली, त्याचा हिशेब कोटींत छापून आला. कोळणीच्या पाटीतल्या न खपलेल्या बोंबलांचा हिशेब कुणी छापला असेल तर माझ्या वाचनात नाही.

आणि कंटेनर फुटून किनाऱ्याला लागलेले बिस्किटांचे पुडे! लोक ते गोळा करत होते आणि पोलीस हटकत होते, कारण त्याच जहाजावरच्या काही कंटेनरांत कीटकनाशकंही होती. टँकर उलटला की कॅन, बादल्या, कळशा घेऊन धावणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना लुटारू म्हणणं सोपं आहे. मला तिथं नानांची आई दिसते. वाया जाणारं उचलावं, ही तिची रीत. पण २५ जून २०१७ ला, ईदच्या आदल्या दिवशी, पाकिस्तानात बहावलपूरजवळ पेट्रोलचा टँकर उलटला, गावंच्या गावं भांडी घेऊन धावली आणि ठिणगी पडली. दोनशेहून अधिक माणसं गेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, रस्त्याकडेच्या नालीतून पाण्यासारखी वाहते आणि पन्नास-शंभर पावलांवर कुणाच्या तरी बिडीला, मोटारसायकलच्या ठिणगीला जाऊन भेटते.

आमच्या भागात पेट्रोल-डिझेल येतं ते बरंचसं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून, टँकरनं. त्या टँकरच्या मागच्या आणि बाजूच्या पाटीवर चार आकडे असतात, तेवढे मुलांना शिकवून ठेवा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल. उलटलेला टँकर दिसला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब जायचं, गाड्या थांबवायच्या आणि ११२ किंवा १०१ ला फोन करून ते चार आकडे सांगायचे. अग्निशमनवाल्यांना त्यावरून कळतं की सोबत काय न्यायचं. पाणी मारायचं की फेस मारायचा, हेही त्यांनी ठरवायचं. मी ठरवलं होतं त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

घरगुती, शेतावरच्या सांडण्याला मात्र अग्निशमन दल येत नाही. तिथं करायचं ते अवघड नाही. पिंपाचं भोक वर येईल असं ते फिरवायचं, म्हणजे गळती थांबते. उताराच्या बाजूला फावड्यानं मातीचा अर्धगोल बांध घालायचा. उन्हाळा असेल तर भेगांची तोंडं ओल्या चिखलानं लिंपायची. मग भुसा, लाकडाचा कोंडा, चिंध्या, हाताला येईल ते टाकून तेल टिपायचं, आणि भिजलेली माती वास संपेपर्यंत उकरून विहिरीपासून लांब, प्लॅस्टिकच्या कागदावर नेऊन टाकायची. पाण्याचा थेंब नाही. आम्हा चौघांना हे काम तासाभराचं होतं.

टिपायला सगळ्यात चांगलं काय? मला हे फार उशिरा कळलं आणि कळल्यावर दोन दिवस करमलं नाही. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात शेषाद्री रामकुमार नावाच्या आपल्याकडून गेलेल्या शास्त्रज्ञानं कच्च्या कापसाचा अभ्यास केला. सरकीतून काढलेल्या, न धुतलेल्या कापसाच्या तंतूवर मेणाचा नैसर्गिक थर असतो. तो पाण्याला दूर लोटतो आणि तेलाला जवळ करतो. असा कापूस स्वतःच्या वजनाच्या तीसपट आणि त्याहूनही जास्त कच्चं तेल धरून ठेवतो. त्यातही अपक्व, कमी प्रतीचा, गिरणीवाला नाक मुरडून परत करतो तो कापूस जास्त धरतो. म्हणजे आमची कवडी, आमची फरदड. ज्या जालन्यात जिनिंगच्या कारखान्यांबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि प्रत बघून भाव पाडला जातो, तिथल्या म्हातारीनं आपल्या ओच्यात जगातला एक उत्तम तेलशोषक आणला होता. मी तिला बाजूला व्हायला सांगितलं.

हाताशी असलेल्या वस्तूंचं हे शहाणपण लोक वेळ आली की दाखवतात. जुलै २०२० मध्ये मॉरिशसच्या प्रवाळावर ‘वाकाशियो’ हे जहाज रुतलं आणि हजारेक टन तेल सुटलं, तेव्हा तिथल्या लोकांनी सरकारची वाट न बघता उसाचं पाचट कापडी नळ्यांत भरून तरंगते अडसर शिवले. काहींनी डोक्यावरचे केस कापून दिले. आपल्याकडे चेन्नईजवळ एन्नोरला २८ जानेवारी २०१७ रोजी दोन जहाजांची टक्कर झाली. आधी फारसं काही सांडलं नाही असं सांगण्यात आलं, आणि मग दोनशे टनांच्या आसपास तेल निघालं. पंप त्या घट्ट राड्यात अडकले, शेवटी मच्छिमार आणि कॉलेजची मुलं बादल्यांनी ते उपसत होती. आपण चांद्रयान सोडणारा देश आहोत आणि तेल बादलीनं काढतो, अशी त्या वेळी टिंगल झाली. मला बादलीची लाज वाटली नाही. आधीचं खोटं सांगण्याची वाटली. किती सांडलं हे पहिल्या दिवशी खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पुरेशा बादल्या येतात.

उकरलेल्या मातीचं पुढे काय करायचं, हा प्रश्न राहतो. याचं उत्तर पुन्हा शेतकऱ्याच्या ओळखीचं आहे. मातीत तेल खाणारे जिवाणू मुळातच असतात. पण तेल म्हणजे बहुतांशी कार्बन आणि हायड्रोजन. नुसत्या भातावर जसं पोर वाढत नाही तसे जिवाणूही नुसत्या तेलावर वाढत नाहीत, त्यांना नत्र आणि स्फुरद लागतं. अलास्काच्या किनाऱ्यावर गरम पाण्याचे प्रयोग झाल्यावर शेवटी खतं टाकली गेली आणि तिथं तेल कुजण्याला वेग आला. आपल्याकडे दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेत बनवारी लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑईलझॅपर’ नावाचं जिवाणूंचं मिश्रण तयार केलं. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाची पूड करून त्यात ते जिवाणू मुरवतात आणि तेलकट मातीत मिसळतात. चित्राच्या अपघातानंतर आपल्या किनाऱ्यावरही ते वापरलं गेलं. याच वाटेवरचं आधीचं मोठं नाव आनंद मोहन चक्रवर्ती यांचं. त्यांनी घडवलेल्या तेलखाऊ जिवाणूला पेटंट द्यावं की नाही हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये ते जिंकले. गंमत म्हणजे तो जिवाणू प्रत्यक्ष समुद्रात कधी सोडलाच गेला नाही.

पिंपभर डिझेलासाठी इतक्या लांब जायला नको. माती वीतभर जाडीत पसरायची, शेणखत आणि थोडा युरिया मिसळायचा, ओल ठेवायची, दर पंधरा दिवसांनी वखर घालून हवा द्यायची. काही महिन्यांत वास जातो. घाई करणाऱ्याचं हे काम नाही, आणि फोटोही येत नाही.

पैशांचं थोडं सांगतो, जुनी सवय. चित्राच्या दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, ‘एमव्ही राक’ हे जहाज ६० हजार टन कोळसा आणि टाक्यांतलं तेल घेऊन मुंबईजवळ बुडालं. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं जहाजाच्या मालकांना १०० कोटी रुपये भरायला सांगितलं. सांडणाऱ्यानं भरावं हे तत्त्व निदान कागदावर पक्कं झालं. पण समुद्रात जहाजाला नाव असतं, झेंडा असतो, विमा असतो. उसवलेल्या शिवणीच्या पिंपाला यातलं काही नसतं. त्याची भरपाई सून भरते, हंड्या-हंड्यानं.

गेल्या रामनवमीला जांबला गेलो होतो. दर्शन झाल्यावर पाय आपोआप मळ्याकडे वळले. नाना जाऊन बरीच वर्षं झाली. म्हातारी तर त्याच्याही आधी गेली. मुलानं बोअर घेतला आहे, विहिरीत निम्म्यापर्यंत दगड-माती पडली आहे आणि काठावर पिंपळ उगवला आहे. वहिनींनी, म्हणजे नानांच्या सुनेनं, चहा केला. त्यांचेही केस पिकलेत.

मी चाळीस वर्षं शब्द जुळवत आलेला माणूस, पण नेमकं कसं विचारावं कळेना. शेवटी म्हणालो, “वहिनी, त्या डिझेलचं काही आठवतं का? धुवायला मीच लावलं होतं.”

त्यांनी पदरानं कप पुसला.

“कुनी लावलं ते न्हाई आठवत, भाऊ,” त्या म्हणाल्या. “सकाळचे चार आन् संध्याकाळचे तीन हंडे, ते आठवतंय. च्या घ्या, निवला.”